ईसीजीवर 'ॲबनॉर्मल' छापून आलं, म्हणून पोराची तालीम बंद करायची का?

२०२५ च्या जून-जुलैत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या तरुण मृत्यूंच्या बातम्या रोज येत होत्या. म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयाच्या दारात तपासणीसाठी रांगा लागल्या. राज्य सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं पुढं सांगितलं की हासनात हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये नेहमीपेक्षा वेगळी वाढ दिसत नाही. पण तोवर धास्ती हुबळी ओलांडून इकडं बेळगाव भागात पोचली होती. ज्यांचं पोरगं तालमीत घुमतं, कबड्डी खेळतं किंवा अग्निवीर भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळतं, त्या घरात एकच विचार: आपल्याही पोराचा एकदा ईसीजी काढून घ्यावा का?

काढायला हरकत काहीच नाही. काही शे रुपयांत होतो, दुखत नाही, पाच मिनिटांत हातात कागद येतो. अडचण कागद आल्यावर सुरू होते. सोळा-सतरा वर्षांच्या, चांगली मेहनत करणाऱ्या मुलाच्या कागदावर यंत्र स्वतःच छापून मोकळं होतं: 'सायनस ब्रॅडिकार्डिया, एलव्हीएच, ॲबनॉर्मल ईसीजी'. आई रडायला लागते, वस्ताद म्हणतात काही होत नाही, आणि पोरगं बिचारं दोघांच्या मध्ये.

अशा कागदावर बहुतेक वेळा मेहनत दिसत असते. क्वचित आजारही दिसतो. हा फरक यंत्राला करता येत नाही, तो वाचणाऱ्यानं करायचा असतो. आणि तो करण्यासाठी वाचणाऱ्याला दोन-चार गोष्टी घरच्यांनीच सांगाव्या लागतात.

हार्ट ॲटॅक वेगळा, हृदय अचानक थांबणं वेगळं

बातमीत दोन्हीला 'हार्ट ॲटॅक' म्हणून टाकतात. हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि त्या भागातला स्नायू मरायला लागतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम फुटतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाची वीज बिघडते. खालचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात, रक्त पुढं सरकत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. ॲटॅकमुळं अरेस्ट होऊ शकतो, पण ॲटॅक नसतानाही होतो.

वयाची साधारण पस्तिशी ही इथली सीमारेषा. पस्तिशीनंतर खेळताना किंवा जिममध्ये माणूस गेला, तर कारण बहुतेकदा वाहिन्यांतला अडथळा, म्हणजे तंबाखू, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब. पस्तिशीच्या आत मात्र यादी वेगळी. हृदयाचा स्नायू आनुवंशिकपणे जाड होण्याचा आजार (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, साधारण ५०० माणसांत एकाला), हृदयाच्या स्नायूत चरबी आणि तंतू भरण्याचा आजार, विजेच्या वहनातले जन्मजात दोष, रक्तवाहिनी चुकीच्या जागेतून निघालेली असणं, विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज.

कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फो २००३ साली ल्यॉनच्या मैदानात सामना चालू असताना कोसळला. शवविच्छेदनात स्नायू जाड होण्याचा हाच आजार निघाला. जवळचं उदाहरण हवं तर ५ डिसेंबर २००४ आठवा: बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन पडला आणि गेला. बेळगावच्या फुटबॉलवाल्यांच्या जुन्या पिढीला तो दिवस आठवत असेल.

अशा बातम्या मनात घर करतात, म्हणून प्रमाणही सांगायला हवं. तरुण स्पर्धात्मक खेळाडूंत असा मृत्यू वर्षाला साधारण ५० ते ८० हजारांत एक, असा अंदाज बहुतेक अभ्यासांतून येतो. मुलग्यांत जास्त, मुलींत बराच कमी. तालुक्यातल्या सगळ्या तालमी आणि कबड्डी संघ एकत्र केले तरी बहुतेक वर्षी एकही घटना घडणार नाही. आणि घडली, तर त्या घराचं जे व्हायचं ते होतंच.

ईसीजी नेमकं काय बघतो

उसाला पाणी पाजणारी मोटार डोळ्यांसमोर आणा. पेटीवरचा मीटर बघून करंट येतोय का, किती ओढतेय, एखादा फेज गेलाय का हे कळतं. पंपाचं पातं झिजलंय का किंवा पाइप कुठं चोंदलाय, हे मीटर थेट सांगत नाही. फार तर शंका येते. ईसीजी हा पेटीवरचा मीटर आहे. हृदयाची इको तपासणी, म्हणजे सोनोग्राफीसारखीच ध्वनिलहरींची तपासणी, ही पंप आतून बघते. म्हणून ईसीजी चांगला म्हणजे हृदय चांगलं असं होत नाही, आणि ईसीजी विचित्र म्हणजे हृदय खराब असंही होत नाही.

हातापायांना चार आणि छातीला सहा अशा दहा चकत्या लावतात. त्यांतून बारा बाजूंनी हृदयाची वीज नोंदवली जाते, साधारण दहा सेकंद. कागदावर आधी एक लहान उंचवटा येतो (वरच्या कप्प्यांची वीज), मग उंच सुळका (खालचे मोठे कप्पे), मग पुन्हा एक गोलसर उंचवटा, ज्याला टी म्हणतात. त्यात खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी परत तयार होत असतात. खेळाडूंच्या बाबतीत या शेवटच्या 'टी'कडं डॉक्टरांचं लक्ष सर्वांत जास्त असतं.

पैलवानाचं हृदय

वर्षानुवर्षे रोज तास-दोन तास घाम गाळला की दंडाप्रमाणं हृदयही बदलतं. कप्पे थोडे मोठे होतात, भिंती थोड्या जाड होतात, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. साहजिकच विश्रांतीत ठोके कमी लागतात. सामान्य माणसाचे मिनिटाला ६० ते १००, तर पळणाऱ्या पोराचे ४५ सहज असतात. यंत्र ६० च्या खाली आलं की 'ब्रॅडिकार्डिया' छापतं. खेळाडूंसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष म्हणतात की चक्कर किंवा दुसरा काही त्रास नसेल तर ३० पर्यंत चालेल.

हे निकष २०१७ साली हृदयरोग आणि क्रीडावैद्यक यांतल्या जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवले. खेळाडूच्या कागदावर काय आलं तर पुढं काहीच करायची गरज नाही, हे त्यांत स्पष्ट लिहिलंय. श्वासाबरोबर ठोक्यांचं अंतर कमीजास्त होणं. वरच्या कप्प्यातून खाली संदेश पोचायला ०.२ सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागणं, ज्याला यंत्र 'फर्स्ट डिग्री ब्लॉक' म्हणतं आणि घरात 'पोराला ब्लॉक निघाला' अशी आवई उठते. या ब्लॉकचा आणि वाहिनीतल्या अडथळ्याचा काडीचाही संबंध नाही. उजव्या बाजूची वीज किंचित उशिरा पोचणं, यंत्राच्या भाषेत 'इनकम्प्लीट आरबीबीबी', हेही त्याच यादीत.

एलव्हीएच म्हणजे डावा खालचा कप्पा जाड झाल्याची खूण. यंत्र ती फक्त सुळक्यांच्या उंचीवरून ठरवतं. आता सतरा वर्षांच्या काटक पोराच्या छातीवर मांस-चरबी किती असणार? चकती हृदयाच्या अगदी जवळ येते, वीज जोरात नोंदली जाते आणि सुळके उंच होतात. नुसते उंच सुळके असतील, बाकी सगळं ठीक असेल, तर खेळाडूमध्ये तो आजार धरत नाहीत.

यंत्राला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याचा हिशेब दवाखान्यात येणाऱ्या सर्वसाधारण रुग्णांसाठी बसवलेला असतो. समोर झोपलेला मुलगा सकाळी पाचशे बैठका मारून आलाय, हे त्याला कोण सांगणार? म्हणून तपासणीला गेल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: हा अमुक खेळ खेळतो, आठवड्याला इतके तास, इतकी वर्षं. डॉक्टर कानडी बोलोत, हिंदी बोलोत, हे एवढं सांगता येतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. मेहनतीवरून थेट ईसीजीला जाऊ नये. ठोके जोरात चालू असताना काही मोजमापं फसवी येतात. आणि छातीच्या वरच्या दोन चकत्या एक-दोन बोटं वर लागल्या तरी कागद आजारी दिसू शकतो. शंकास्पद ईसीजी आला तर आधी शांतपणे, नीट चकत्या लावून तो पुन्हा काढावा. निम्मी भीती तिथंच संपते.

मग घाबरायचं कशाला?

छातीच्या डाव्या बाजूच्या चकत्यांमध्ये, म्हणजे व्ही ५ आणि व्ही ६ मध्ये, 'टी' उलटा, खाली तोंड करून आला तर ते 'खेळाडू आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही. स्नायू जाड होण्याच्या आजाराची ती पहिली खूण असू शकते, कधी कधी इकोत जाडी दिसायच्या आधीच. अशा मुलाची इको, गरज पडली तर हृदयाचा एमआरआय, आणि सगळं ठीक निघालं तरी दरवर्षी तपासणी. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांत मात्र पहिल्या तीन चकत्यांत 'टी' उलटा असणं वयाला धरून आहे. तोच उलटा 'टी', जागा बदलली की अर्थ बदलतो.

दुसरी खूण क्यूटी या अंतराची. खालच्या कप्प्यांची वीज सुरू झाल्यापासून ते परत तयार होईपर्यंतचा वेळ. ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला हा आकडा मुलग्यांत ४७० मिलिसेकंद, मुलींत ४८० किंवा त्याहून जास्त आला तर चौकशी, आणि ५०० वर गेला तर ती लगेच. आनुवंशिक लाँग क्यूटी आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो. पण हाही आकडा यंत्राच्या भरवशावर सोडू नये, डॉक्टरांनी तो हातानं मोजलेला बरा. काही प्रतिजैविकं आणि उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या यांनीही तो वाढतो.

तिसरी: वरून खाली वीज नेणारी जादा वाट, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू. हजारात एक ते तीन जणांत सापडते. वीज आडवाटेनं लवकर पोचते आणि सुळक्याच्या पायथ्याशी उतार दिसतो. याखेरीज डावा विद्युतमार्ग पूर्ण बंद असणं, 'टी'च्या आधीची रेघ खाली दबलेली असणं, दहा सेकंदांत दोन किंवा जास्त अवेळी ठोके, ठोक्यांची गती ३० च्या खाली: यांपैकी काहीही आलं तर हृदयरोगतज्ज्ञाकडं जायचं, आणि निदान होईपर्यंत मेहनत आणि स्पर्धा दोन्ही थांबवायची. वस्तादांना इथं राग येतो, पण हा राग महिना-दोन महिन्यांचा असतो.

मधली एक करडी जागाही आहे. विद्युत अक्ष, म्हणजे हृदयातल्या विजेची एकूण दिशा, थोडा डावीकडं झुकणं किंवा उजवा विद्युतमार्ग पूर्ण बंद असणं, अशी एकच गोष्ट असेल आणि घरात काही इतिहास नसेल तर सोडून देतात. दोन एकत्र आल्या तर शोध घेतात. इकोतही असंच. डाव्या कप्प्याची भिंत १२ मिलिमीटरपर्यंत असेल तर वाद नाही. १३ ते १५ च्या दरम्यान मात्र मेहनतीचं हृदय आणि आजारी हृदय एकमेकांसारखं दिसतं. मग डॉक्टर कधी कधी दोन-तीन महिने पूर्ण विश्रांती देऊन पुन्हा मोजतात. जाडी उतरली तर ती मेहनतीची.

या निकषांमागचे बहुतेक अभ्यास गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंवर झालेत. आपल्याकडची माणसं त्यांत थोडी. दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो, असं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवलं. तो असलेले बहुतेक जण आयुष्यभर ठीक असतात, त्यामुळं जनुकीय चाचण्यांच्या मागं धावायचं कारण नाही. पण बाहेरचा निकष इथं लावताना डॉक्टरांनी घरचा इतिहास जास्त खोदून विचारावा, एवढं त्यातून नक्की निघतं.

"मग सगळ्याच खेळाडूंचा ईसीजी सक्तीचा का करत नाहीत?"

यावर जगात तज्ज्ञांमध्येच भांडण आहे. इटलीनं १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचं प्रमाण लाखात ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आलं, सुमारे ८९ टक्के घट. झालं, सक्तीच्या बाजूनं हा आकडा कायमचा उभा राहिला. मग इस्रायलनं १९९७ च्या कायद्यानं सक्ती केली, आणि तिथं नंतरच्या अभ्यासात आधी-नंतर काही फरक दिसला नाही. अमेरिकेची हृदयरोग संघटना आजही १४ मुद्द्यांच्या विचारपूस-तपासणीवर भर देते, सरसकट ईसीजीची शिफारस करत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो इंग्लंडचा अभ्यास. तिथल्या फुटबॉल संघटनेनं १९९६ ते २०१६ या काळात सरासरी सोळा वर्षांच्या ११,१६८ खेळाडूंची विचारपूस, ईसीजी आणि इको अशी तिन्ही तपासणी केली. सुमारे ७ टक्के मुलांना पुढच्या तपासण्यांसाठी पाठवावं लागलं. जिवाला धोका असलेला आजार निघाला ४२ जणांत. पुढच्या वर्षांत हृदयविकारानं आठ खेळाडू गेले, आणि त्या आठांपैकी सहा जणांची तपासणी नॉर्मल आली होती. तपासणी आणि मृत्यू यांच्यात सरासरी ६.८ वर्षांचं अंतर होतं. म्हणजे हे आजार सोळाव्या वर्षी दडलेले असतात आणि विशीत डोकं वर काढतात. एकदा काढलेला ईसीजी जन्मभराचा दाखला नव्हे.

हेच प्रमाण आपल्याकडं असेल असं धरून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली दहा हजार खेळाडू मुलं तपासली, तर सातशे जणांना इको-एमआरआयच्या फेऱ्या आणि त्यांतून आजारी निघणार सदतीस-अडतीस. त्या अडतीस घरांसाठी ही तपासणी सोन्याची. उरलेल्या साडेसहाशेंपेक्षा जास्त घरांसाठी इकोचे हजार-दोन हजार, एमआरआय लागला तर त्याच्या कितीतरी पट, शिवाय बुडालेली रोजी आणि गावभर झालेली चर्चा: 'त्याच्या हार्टमध्ये काहीतरी हाय म्हणे.' भरतीच्या किंवा लग्नाच्या वयातल्या पोरासाठी ही चर्चा लहान गोष्ट नसते.

माझं मत विचाराल तर सरसकट सक्ती आज इथं झेपणारी नाही, कारण खेळाडूचा ईसीजी वाचू शकणारे डॉक्टर मोजके आहेत. वाचणारा नसताना ढिगानं कागद काढले तर भीतीच वाढते. राज्य सरकारच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका पातळीवर काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाला दाखवायची सोय आहे, पण ती प्रौढांचा हार्ट ॲटॅक लवकर ओळखण्यासाठी. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणारी, भरतीची जोरात तयारी करणारी मुलं-मुली, आणि खालच्या प्रश्नांपैकी एकालाही ज्यांचं उत्तर 'होय' आहे ते सगळे: यांनी मात्र ईसीजी जरूर काढावा.

यंत्राच्या आधी आजीला विचारा

मेहनत करताना, ऐन जोरात असताना कधी शुद्ध हरपली का? शाळेच्या मैदानात उन्हात उभं राहून चक्कर येणं किंवा पळणं थांबवल्यावर खाली बसणं, हे बहुतेकदा निरुपद्रवी असतं. पळता पळता, लढता लढता कोसळणं तसं नसतं. त्याला 'खाल्लं नव्हतं' म्हणून झाकायचं नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्तच होतं: खो-खोत मुलगी पडली की उपास, अशक्तपणा, पाळी, ही तीन कारणं तयारच असतात.

मेहनतीत छातीत दुखतं का? बरोबरीच्या पोरांपेक्षा फार लवकर दम लागतो का? छातीत अचानक धडधड सुरू होऊन अचानक थांबते का? फिट येते म्हणून गोळ्या चालू आहेत, पण फिट नेहमी पळताना किंवा दचकल्यावरच येते, असं आहे का?

घरात चाळिशी-पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का? याचं उत्तर वडील बहुधा 'नाही' देतात. आजीला विचारलं की बाहेर येतं: थोरला काका शेतात बसल्या जागी गेला, त्याला करणी केली म्हणत होते. मामा पट्टीचा पोहणारा, विहिरीत बुडाला. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पोहणं हेच झटक्याचं निमित्त ठरतं, त्यामुळं पोहता येणारा माणूस बुडाला ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. शिवाय आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आहे. आई-बाप दोघांकडून तोच दोष आला तर काही दुर्मीळ आजार उघडे पडतात. त्यांतल्या एकात जन्मापासूनचा बहिरेपणा आणि लांबलेलं क्यूटी सोबत येतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला चक्कर येत असेल तर त्याचा ईसीजी झालाच पाहिजे, मग तो खेळो न खेळो.

छातीला स्टेथोस्कोप लावणंही विसरू नये. लहानपणी घसा वारंवार दुखून, सांधे सुजून झालेला संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. अशी झडप ईसीजीत निसटू शकते, पण कानाला आवाज येतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं ते हेही बघतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

"पण एवढी तब्येत असून होतंच कसं?"

दडलेला दोष आणि एखादं निमित्त, दोन्ही जुळावं लागतं. निमित्त आपल्या हातात असतं. तालमीत अजून ऐकू येतं की अंगातला ताप घामावाटे निघतो. विषाणूचा ताप अंगात असताना मेहनत केली आणि त्यात हृदयाच्या स्नायूला सूज असली, तर तेच घातक ठरतं. ताप, अंगदुखी असताना मेहनत बंद, आणि तापानंतर छातीत दुखलं, धडधडलं किंवा दम लागला तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय लाल मातीत उतरायचं नाही.

वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणं, लघवीच्या गोळ्या घेणं यानं रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाची वीज बिथरते. जिममध्ये मिळणारी नावाचा पत्ता नसलेली पावडर आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं यांचीही तीच गत. स्टेरॉइडनं भिंत जाड होते, आणि ती मेहनतीची जाडी नव्हे. दूध-बदामाच्या खुराकाला कुणी नाव ठेवत नाही.

लशीचा प्रश्न हमखास येतो. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. कोरोनाच्या लशीनं धोका वाढल्याचं आढळलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोरोनानं रुग्णालयात राहिलेल्यांत, ज्यांच्या घरात आधी कुणी अचानक गेलं होतं त्यांच्यात, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू, नशा किंवा अतिजोराची मेहनत केलेल्यांत.

कागद नॉर्मल आला, तरी मैदानात काय हवं

चुकीच्या जागेतून निघालेली वाहिनी ईसीजीत बहुधा दिसत नाही, मीटरला पाइप दिसत नाही तसंच. विश्रांतीत अगदी स्वच्छ आणि फक्त मेहनतीत बिघडणारे विजेचे आजारही आहेत. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडूचा मार निरोगी हृदयही थांबवू शकतो. तेव्हा येळ्ळूर असो, कंग्राळी असो, की शहरातला आनंदवाडीचा आखाडा, कुस्त्या लावणाऱ्या कमिटीनं हलगीवाल्याइतकीच याचीही सोय बघावी.

कुणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही किंवा मधेच एखादा घोरल्यासारखा येतो: हृदय थांबलंय असं धरायचं. झटके आले तर ती फिट समजून कांदा हुंगवत बसायचं नाही. एकानं १०८ ला फोन, एकानं छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहायचं. पाणी पाजायचं नाही, गर्दी हटवायची. दाबणारा दमला की दुसऱ्यानं घ्यायचं, पण खंड पडू द्यायचा नाही. उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि खानापूरच्या आतल्या गावात गाडी पोचायला किती मिनिटं लागतात हे तिथल्यांना सांगायला नको. विजेचा झटका देणारं एईडी हे पेटीएवढं यंत्र स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. लाखाच्या आसपासची बक्षिसं लावणाऱ्या मैदानांना ते विकत किंवा भाड्यानं आणणं अवघड नाही.

आणि आजार निघालाच तर?

डब्ल्यूपीडब्ल्यूची जादा वाट मांडीच्या शिरेतून तार नेऊन जाळता येते. मुलगा बहुधा काही आठवड्यांत परत खेळतो. लाँग क्यूटी असलेले कित्येक जण गोळ्या घेऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खेळतात. स्नायू जाड होण्याच्या आजारात पूर्वी सरसकट खेळ बंद करत. आता धोका मोजून, घरच्यांशी बोलून ठरवतात, आणि आई-वडील, भावंडं यांचीही तपासणी करतात, कारण तो आजार निम्म्या शक्यतेनं पुढच्या पिढीत उतरतो.

डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात कोसळला. छाती दाबून आणि झटका देऊन तिथंच त्याला परत आणलं. त्याच्या छातीत झटका देणारं छोटं यंत्र बसवलं. ते घेऊन इटलीत खेळायला परवानगी नसल्यानं त्याला इंटर मिलान सोडावं लागलं, आणि २०२२ मध्ये तो इंग्लंडात ब्रेंटफर्डकडून पुन्हा उतरला. त्याच माणसाला एका देशात नाही आणि दुसऱ्या देशात हो. कुस्तीचं मात्र वेगळं आहे: छातीवर छाती भिडणाऱ्या खेळात त्या यंत्राला किंवा त्याच्या तारेला इजा होऊ शकते, म्हणून पैलवानाला डॉक्टर बहुधा दुसरा खेळ सुचवतील. इतका मोठा निर्णय एका कागदावर आणि एका भेटीत घेऊ नये. बेळगावात, नाहीतर मिरज, कोल्हापूर, धारवाडला दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्यावं, जुने-नवे सगळे ईसीजी फायलीत लावून सोबत न्यावेत, आणि डॉक्टरांशी बोलताना पोराला बाहेरच्या बाकावर बसवू नये.